नारळ फोडला म्हणजे बांधकाम सुरू झालं नाही

कोलंबस, ओहायो

प्रिय बंड्या,

तुझा हॉटेल फ्रँचायझीचा करार दोन रात्री जागून वाचला. सहीच्या आधी पाठवलास ते बरं केलंस; मी माझा नीट वाचला तो सही झाल्यावर. खोल्या, रॉयल्टी यावर तुम्ही पार्टनरांनी बरीच घासाघीस केलेली दिसते. तारखांच्या पानावर मात्र पेन्सिलची एक खूण नाही, आणि मी आपटलो तो नेमका त्याच पानावर.

आमच्या करारात होतं: अर्ज मंजूर झाल्यापासून १२ महिन्यांत बांधकाम सुरू, २४ महिन्यांत पूर्ण. वर्ष म्हणजे काय, रग्गड झालं, असं वाटलं. अकराव्या महिन्यात जमीन सपाट केली, गुरुजींना बोलावलं, नारळ फोडला, कुदळ मारतानाचे फोटो मोठ्या हौसेने कंपनीला पाठवले. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, कृपया व्याख्या पाहावी. व्याख्येत 'बांधकाम सुरू' म्हणजे पायाचं काँक्रीट ओतलेलं. झाडं तोडणं, माती सपाट करणं, कुंपण घालणं, यातलं काहीच धरत नाहीत. नारळाचं तर नावच सोड.

त्यात डिसेंबर. इथे फूटिंग, म्हणजे पायाचा तळ, जमीन गोठते त्याच्या खाली न्यावं लागतं, आणि पारा ४० फॅरनहाइटच्या खाली उतरला की काँक्रीटची बाळंतिणीसारखी बडदास्त. गरम पाण्यात कालवलेला माल, वरून जाड ब्लँकेटं, रात्रभर हीटर. पहाटे पाचला ट्रक लागला तेव्हा मी थर्मामीटर घेऊन कुडकुडत उभा. तरी तीन दिवसांनी मुदत हुकलीच. मुदतवाढीचे १०,००० डॉलर मोजले.

आम्ही काही झोपलो नव्हतो रे. घड्याळ अर्ज मंजूर होताच चालू होतं. बँक म्हणते, आधी फ्रँचायझीचा करार दाखवा, मग कर्जाचं बोलू. परमिटला ड्रॉइंग लागतात, आणि ड्रॉइंगवर आधी कंपनीचा होकार. या फेऱ्यांत आमचे आठ महिने गेले. मुदत हुकली तर वादळ, संप ही कारणं चालतात. कर्ज मिळालं नाही, हे चालत नाही. तुझ्याही करारात तसंच लिहिलंय.

इथल्या फेडरल नियमाप्रमाणे सहीच्या किमान १४ दिवस आधी तुला ते जाडजूड माहितीपत्र मिळालं असणार. २३ भाग आहेत; सगळे वाचणार नाहीस, मी ओळखतो तुला. निदान सहावा वाच, मुदतवाढीसारख्या फिया तिथे असतात. अकराव्यात सहीपासून हॉटेल उघडेपर्यंत साधारण किती काळ लागतो ते, आणि सतराव्यात करार कशाकशाने मोडतो ते. वकील हॉटेलवालाच गाठ, तुझं घर घेताना होता तो नको.

तारखा परमिटपासून मोजा, असं मागून बघ. बहुधा नाही म्हणतील. मग एक मुदतवाढ तरी फुकट घे. आणि 'पूर्ण' झालं म्हणून पत्रिका छापू नकोस. कंपनीची लेखी परवानगी येईपर्यंत एक खोली विकता येत नाही. आमच्या तयार गाद्या दोन आठवडे प्लॅस्टिकमध्ये पडून होत्या.

राहिलं एक. उघडायच्या आधी करार मोडला तरी कंपनीला नुकसानभरपाई द्यावी लागते, आणि तिला वैयक्तिक हमी जोडलेली आहे, म्हणजे वसुली सही करणाऱ्याच्या खिशातून. शेवटून दुसऱ्या पानावर सहीच्या दोन रेघा आहेत. दुसरी वहिनींची असावी. त्यांना हे पान दाखवलंयस का?

तुझा,
बाळ्या