ध्यान म्हणजे विचार थांबवणे नव्हे

महोदय,

ध्यानाविषयीच्या लेखांत ताण कमी होणे, झोप सुधारणे, मन शांत होणे या लाभांची चर्चा भरपूर असते. पण ध्यान करताना नेमके काय करायचे, हे क्वचितच नीट सांगितले जाते. त्यामुळे ध्यान म्हणजे विचार थांबवणे असा समज रूढ झाला आहे, आणि डोळे मिटताच विचारांची गर्दी झाली की ‘हे आपल्याला जमणारे नाही’ असे ठरवून अनेक जण चार दिवसांत ते सोडून देतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

श्वासाकडे लक्ष देणे, ते भरकटणे, भरकटल्याचे उमगणे आणि त्रागा न करता ते पुन्हा श्वासाकडे वळवणे, हे सगळे मिळून अभ्यास होतो. किंबहुना भरकटल्याचे उमगते त्या क्षणीच लक्षाला वळण लागत असते. चंचल मन जिथे जिथे धावेल तिथून त्याला आवरून आणावे, असे गीतेच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे. मन धावणार, हे तिथे गृहीतच धरलेले आहे.

लक्षाला एवढे महत्त्व देण्याचे कारण असे, की आपल्याला काय दिसते हे केवळ डोळ्यांवर ठरत नाही. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या, सायमन्स आणि शॅब्रिस या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगात, बास्केटबॉलचे पास मोजण्यात गुंतलेल्या प्रेक्षकांपैकी सुमारे निम्म्यांना खेळाडूंमधून चालत गेलेला गोरिलाच्या वेशातला माणूस दिसलाच नाही.

ध्यानाने यात फरक पडतो का, याचे मला सर्वांत बोलके वाटणारे उत्तर २००७ साली मेंदूचे अभ्यासक स्लाग्टर, डेव्हिडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका प्रयोगातून दिले. पडद्यावर वेगाने सरकणाऱ्या अक्षरांमध्ये दोन अंक दाखवले आणि त्यांच्यात अर्ध्या सेकंदाहून कमी अंतर ठेवले, तर दुसरा अंक पुष्कळदा निसटतो, कारण मेंदू अजून पहिल्यातच अडकलेला असतो. तीन महिने विपश्यनेचा सखोल अभ्यास केलेल्यांना हा दुसरा अंक आधीपेक्षा अधिक वेळा दिसू लागला. मेंदूतील विद्युत लहरींच्या नोंदींवरून असेही आढळले, की पहिल्या अंकावर ज्यांचा मेंदू आता कमी शक्ती खर्च करत होता, त्यांच्यातच ही सुधारणा अधिक होती. म्हणजे लक्ष एकवटण्याइतकेच ते वेळीच मोकळे करणेही सरावाने येते, आणि ही गोष्ट फार थोडे लोक सांगतात.

अर्थात हे निष्कर्ष दीर्घ आणि सखोल साधनेचे आहेत. रोजच्या दहा मिनिटांना ते जसेच्या तसे लावणे योग्य नव्हे. आठ आठवड्यांत मेंदूची रचनाच बदलते, असा दावा अजूनही सर्रास केला जातो, पण २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका काटेकोर अभ्यासात तसे बदल आढळले नाहीत. शिवाय तीव्र मानसिक आघातातून गेलेल्या काहींना ध्यानात अस्वस्थता वाढल्याचा अनुभव येतो.

म्हणून माझी विनंती आहे, की आपल्या पत्राने यापुढे ध्यानावर लेख छापताना लाभांच्या यादीआधी ही मूळ क्रिया समजावून सांगावी आणि आघातातून गेलेल्या वाचकांनी जाणकार मार्गदर्शकाच्या देखरेखीखालीच सुरुवात करावी, अशी सूचना त्याच लेखात ठळकपणे द्यावी.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक