सईचा अर्ज आणि तुमची एफडी

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, दादाच्या सईच्या अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशाच्या अर्जासाठी तुमची एफडी मोडून पैसे तिच्या नावावर ठेवायचे का, असं तुम्ही फोनवर विचारलंत. मोडू नका, आणि तिच्या नावावर तर मुळीच ठेवू नका. का ते सविस्तर लिहिते. पत्र दादा-वहिनींनाही वाचायला द्या, कारण सह्या त्यांनाच करायच्या आहेत.

आधी हे 'लवकर अर्ज करणं' काय असतं ते सांगते. नेहमीचा अर्ज जानेवारीच्या सुरुवातीला जातो, मार्चअखेर निकाल लागतो आणि १ मेपर्यंत कळवायचं असतं. लवकरचा अर्ज बहुतेक ठिकाणी १ किंवा १५ नोव्हेंबरपर्यंत करायचा आणि निकाल डिसेंबरच्या मध्यात. पण लवकरच्या अर्जाचे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत, आणि घरोघरी घोटाळा होतो तो इथेच. 'अर्ली डिसिजन' म्हणजे शब्द देणं. एकाच कॉलेजला असा अर्ज करता येतो. विद्यार्थी, पालक आणि शाळेचा समुपदेशक असे तिघं सही करतात की घेतलंत तर इथेच येऊ आणि बाकीचे अर्ज मागे घेऊ. 'अर्ली ॲक्शन'मध्ये असं बंधन नसतं. प्रवेश मिळाला तरी १ मेपर्यंत इतर कॉलेजांची उत्तरं पाहून ठरवता येतं. हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन यांचा अधलामधला प्रकार आहे: शब्द द्यावा लागत नाही, पण त्याच वेळी दुसऱ्या खासगी कॉलेजात लवकरचा अर्ज करता येत नाही. सरकारी विद्यापीठांत आणि अमेरिकेबाहेर करता येतो.

आता पैशाचं. चांगल्या खासगी कॉलेजात राहण्या-जेवणासकट वर्षाला ८५ ते ९५ हजार डॉलर लागतात. दादाच्या पगारात ते बसणारच नाही, म्हणून कॉलेजकडे आर्थिक मदत मागावी लागणार, आणि त्यात काही कमीपणा नाही. परदेशी मुलानं मदत मागितली, तर प्रवेश ठरवताना त्याकडे न बघणारी आणि प्रवेश दिल्यावर गरजेइतकी पूर्ण मदत देणारी कॉलेजं फार थोडी आहेत: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ, बोडन, अलीकडे ब्राउन आणि नोत्र दाम, आणि अशीच आणखी दोन-चार. बाकी बहुतेक ठिकाणी परदेशी मुलाला किती पैसे द्यावे लागतील हे निवडीत धरलं जातं. कॉर्नेलमध्येही तसंच आहे, पण तिथे फक्त भारतीय पदवी विद्यार्थ्यांसाठी टाटा स्कॉलरशिप आहे. एका वेळी साधारण २० मुलं तिच्यावर शिकत असतात. बर्कली किंवा यूसीएलए या कॅलिफोर्नियातल्या सरकारी विद्यापीठांचं नाव कुणी काढलं तर सांगा, तिथे परदेशी मुलाला गरजेवर आधारित मदत नाही. जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्जाऊ शिष्यवृत्ती पदव्युत्तर शिक्षणासाठी आहे, म्हणजे सईला आत्ता तिचा उपयोग नाही.

कुणीतरी असंही सुचवेल की आधी 'मदत नको' असं लिहा, प्रवेश मिळू दे, मग मागू. हे कुणाचंही ऐकू नका. पुष्कळ कॉलेजांत पहिल्या अर्जाच्या वेळी मदत मागितली नाही तर पुढे चारही वर्षं मागता येत नाही. स्टॅनफर्डचा परदेशी मुलांसाठी असाच नियम आहे.

शब्द दिला आणि मदत पुरली नाही तर काय, हा आईचा प्रश्न सगळ्यात नेमका होता. मदत मागितलेली असेल आणि मिळालेल्या रकमेत शिकणं शक्य नसेल, तर त्या शब्दातून सुटता येतं. तशी तरतूद करारातच आहे. आधी हिशेब आणि कागद जोडून रकमेचा फेरविचार मागायचा, तरीही जमलं नाही तर लेखी सुटका मागायची. पण ही सुटका वाटते तितकी सोपी नाही. 'गरज' किती हे कॉलेज त्याच्या हिशेबानं ठरवतं, आपल्या नाही. दादा म्हणेल वर्षाला ४ लाख जमतील, कॉलेज म्हणेल ९. दुसरीकडे किती मिळतंय ते बघून ठरवू, असंही म्हणता येत नाही. सुटलो की ते दार बंद. आणि हे सगळं डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात होतं, तेव्हा जानेवारीचे अर्ज आधीच तयार नसतील तर सईकडे जेमतेम दोन आठवडे उरतात. म्हणून माझं स्पष्ट मत: पूर्ण गरज भागवण्याचं लेखी धोरण जिथे आहे, तिथेच शब्द द्यावा. कॉलेज तसं नसेल, तर ते कितीही आवडलं तरी नेहमीच्या अर्जातच ठेवावं. येल किंवा प्रिन्स्टनला लवकर अर्ज केला तर पैशाच्या बाजूनं धोका सगळ्यात कमी, पण तिथे निवड होणं अतिशय कठीण आहे. तिची तयारी त्या तोडीची नसेल तर ती एकमेव संधी तिथे घालवण्यात अर्थ नाही. हा निर्णय तिचे गुण आणि लेखन बघून सप्टेंबरात करावा.

आता तुमच्या एफडीकडे येते. मदतीसाठी बहुतेक कॉलेजं 'सीएसएस प्रोफाइल' नावाचा फॉर्म मागतात. (अमेरिकन सरकारचा 'फाफ्सा' हा मदतीचा फॉर्म आपल्यासाठी नाही.) त्यात आई-वडिलांचं उत्पन्न आणि मालमत्ता विचारतात, मुलीची स्वतःचीही विचारतात. आजी-आजोबांची मालमत्ता विचारत नाहीत; नातेवाईक शिक्षणाला किती देणार आहेत, एवढंच विचारतात. म्हणजे तुमची एफडी तुमच्या नावावर आहे तोवर ती हिशेबात येत नाही. तीच सईच्या नावावर गेली की तिची मालमत्ता होते, आणि विद्यार्थ्याच्या पैशातला वाटा पालकांच्या पैशापेक्षा कितीतरी जास्त टक्क्यांनी धरला जातो. तुम्ही प्रेमानं दिलेले पैसे तिचीच मदत कमी करतील. ज्या एफडींवर दादाचं दुसरं नाव सोयीसाठी घातलंय, त्यांचं व्याज पहिल्या नावाच्या पॅनवर दिसतं. ते विवरण काढून ठेवा, आणि ते पैसे कुणाचे हे फॉर्ममध्ये स्पष्टीकरणाच्या जागी लिहू. लपवायचं काही नाही. तुम्ही खरंच वर्षाला ५० हजार देणार असाल तर तेही लिहायचं. पण बाबा, ते पैसे तुमच्या औषधपाण्याचे आहेत, आईच्या गुडघ्यांचे आहेत. त्यांना हात लावू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

जमिनीचंही तसंच. सातबारावर फक्त तुमचं नाव असेल तर दादाच्या मालमत्तेत ती येत नाही. तो सामाईक खातेदार असेल तर त्याचा हिस्सा दाखवायलाच हवा. आणि दादा तुमच्या घरात राहतो, भाडं देत नाही, हे आवर्जून लिहायचं. नाहीतर उत्पन्न आणि खर्चाचा मेळ बसत नाही आणि कॉलेजकडून पत्रं यायला लागतात. शेतीच्या उत्पन्नावर कर नाही म्हणून ते लिहायचं नाही, असं होत नाही. करमुक्त उत्पन्न वेगळं विचारतात.

फॉर्म १ ऑक्टोबरला उघडतो. पहिल्या कॉलेजला २५ डॉलर, पुढच्या प्रत्येकाला १६, म्हणजे सहा कॉलेजांचे १०५ होतात. प्रवेशअर्जाची फी वेगळी. परवडत नसेल तर कॉलेजच्या मदत कार्यालयाला ईमेल करून सवलतीचा कोड मागता येतो; मागायला लाजू नये. फॉर्म रुपयांत भरता येतो, पण चलन निवडलंय ते प्रत्येक पानावर बघा. १८ लाख पगार भरला आणि चलन डॉलरच राहिलं, तर दादा १८ लाख डॉलर कमावतो असं दिसेल! 'पालक वर्षाला किती देऊ शकतील' इथे शून्य लिहू नये. आज तिच्या क्लासला आणि कॉलेजला जेवढे जातात, निदान तेवढे तरी देता येतात हे समोरच्याला कळतंच. दादाचा फॉर्म १६, आयकर विवरणपत्र, बँकेची विवरणं, वहिनीच्या शिकवण्यांचा हिशेब, हे सगळं पीडीएफ करून ठेवावं. मराठीतल्या कागदांना प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावं. अमेरिकेचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपलं एप्रिल ते मार्च. आपल्या कुठल्या वर्षाचे कागद चालतील हे प्रत्येक कॉलेजला लेखी विचारावं. प्रवेशाचा अर्ज वेळेत जातो, पण मदतीच्या कागदांची वेगळी तारीख चुकते, आणि मग प्रवेशाचं पत्र येतं तेव्हा रक्कम कळत नाही. शब्द दिलेल्या मुलीला हे सगळ्यात महागात पडतं.

सगळ्यात जास्त काळजी मला तिच्या ज्युनिअर कॉलेजची आहे. नववी ते बारावी अशा चारही वर्षांचे गुण लागतात आणि आपल्याकडे दहावीनंतर संस्था बदलते. त्यामुळे जुन्या शाळेतून शिक्का-सहीचे गुणपत्रक आत्ताच आणायला हवं. शिफारसपत्रं दोन शिक्षकांनी आणि प्राचार्यांनी किंवा समुपदेशकानं स्वतःच्या खात्यातून ऑनलाइन पाठवायची असतात, सईच्या हातात लिफाफा देऊन चालत नाही. दिवाळीची सुट्टी नेमकी ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला येते. कॉलेज बंद, शिपाई गावाला, आणि शब्दाच्या करारावर समुपदेशकाची सही बाकी, असं होऊ नये. सॅट ही अमेरिकन कॉलेजांची प्रवेशपरीक्षा ऑगस्टमध्येच द्यावी, ऑक्टोबरची राखीव ठेवावी.

पूर्ण मदत म्हणजे सगळा खर्च निघाला असंही नाही. विमानाचं तिकीट, आरोग्य विमा, सुट्टीत राहण्याचा खर्च कुठे धरतात, कुठे नाही, विचारून घ्यावं. राहण्या-जेवणासाठी मिळालेल्या मदतीवर अमेरिकेत कर लागतो आणि परदेशी विद्यार्थ्याकडून तो साधारण १४ टक्क्यांनी कापला जातो. भारताशी असलेल्या करारामुळे आपल्या मुलांना वजावट मिळते, पण त्यासाठी विवरणपत्र भरावं लागतं. कॉलेज चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं, त्यातून हातखर्च निघेल, फी नाही. आणि मदतीचा अर्ज दर वर्षी नव्यानं करावा लागतो.

बाबा, तुमच्या कपाटातून सातबाऱ्याची ताजी प्रत, घरपट्टीची पावती आणि सगळ्या एफडींची यादी काढून ठेवा. कुणाचं नाव पहिलं, कुणाचं दुसरं, ते यादीत लिहा. आई, तू फक्त सईला या आठवड्यात जुन्या शाळेत पाठव. रविवारी तुमच्याकडे सकाळ असताना फोन करते, तेव्हा दादालाही जवळ बसवा.

तुमची,
मीनू