आजोबांच्या टेबलाचे पाय

तीर्थरूप आई-बाबा,
शि. सा. न. वि. वि.

टेबल दापोलीहून पुण्याला आलं, पण त्याच्या पायांकडे मी कधी धड बघितलंच नव्हतं. परवा कानातलं शोधायला आडवी झाले तेव्हा दिसलं. पायांच्या टोकांवरच्या पितळी टोप्या काळ्याठिक्कर, कडांना हिरवा कळंक.

आई, तुझ्यासारखी चिंच-मीठ घेऊन बसले. इथेच चुकलं. देवाचा तांब्या नुसता धातूचा, टोपी मात्र लाकडावर ठोकलेली. चिंचेचं पाणी आत झिरपलं, टोप्या ठोकलेल्या लोखंडी चुका (बारीक खिळे) भिजल्या आणि दुसऱ्या दिवशी सागवानावर शाईसारखा काळा ओघळ! सुतारकाकांना दाखवला तर म्हणाले, सागाला ओलं लोखंड लागलं की असंच व्हायचं. आधी टोप्या काढायच्या.

मग चुका उपटून टोप्या काढल्या. फ्रिजवरचं लोहचुंबक लावून पाहिलं, तर तिघींना चिकटेना आणि चौथीला घट्ट चिकटलं. म्हणजे ती लोखंडाचीच, वरून पितळेचा मुलामा. घासली असती तर उरलासुरला मुलामाही गेला असता. तिला फक्त कोरडं फडकं आणि तेलाचं बोट.

बाकीच्या तिघींतली एक चिंचेत रात्रभर राहिली (माझाच विसरभोळेपणा), ती सकाळी तांबूस होऊन निघाली. आंबटाने पितळेतलं जस्त आधी जातं, तांबं मागे उरतं. उरलेल्या दोघींना पाचेक मिनिटं चिंच, जुन्या ब्रशने खाचांतला मळ, साबणाचं पाणी आणि लगेच कोरड्या. पुन्हा बसवताना चुकाही पितळेच्या घेतल्या. नळासारखा लखलखाट मुद्दाम आणला नाही. खाचांतला थोडा काळेपणा त्या टेबलाला शोभतो.

माजघरातल्या कपाटालाही अशाच टोप्या आहेत ना? आई, तू मात्र खाली बसून घासू नकोस, तुझे गुडघे मला ठाऊक आहेत. फरशी पुसणाऱ्या बाईंना एवढंच सांग, की कपाटापाशी फडकं घट्ट पिळून घ्या. पायांशी साचलेल्या पाण्याने पितळ लवकर काळवंडतं. बाकीचं मी दिवाळीत येऊन करते.

आणि बाबा, ती चौथी टोपी कधी बदलली, आठवतं का? खरी कदाचित माळ्यावरच्या खिळ्यांच्या डब्यात असेल. तुम्ही शिडीवर चढू नका, शेजारच्या मुलाला सांगा.

तुमची,
ताई