यातला एकही घेऊ नका

दादरच्या दोऱ्या-लेसच्या दुकानातल्या काकांना,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही मला ओळखणार नाही. लग्नसराईत तुमच्या काउंटरवर बायकांची नुसती झुंबड असते. प्लॅस्टिकच्या पिशवीतून अर्धवट क्रोशाचा टेबल-रनर काढून रडवेल्या तोंडाने उभी होते, ती मी.

भाचीच्या रुखवतासाठी विणत होते. वीस नंबरचा दोरा, मोतिया रंग, अननसाचं डिझाइन. रात्री ओटा आवरून झाला की दोन-तीन ओळी. पाच फुटांचा करायचा होता, चार फुटांवरच दोरा संपला. लेबलं केव्हाच कचऱ्यात गेलेली. शेड नंबर पाठ होता, पण रंगाईचा लॉट बदलला की त्याच नंबरचा दोरा वेगळा दिसतो, हे कुणाला ठाऊक!

पहिला दुकानदार म्हणाला, "तोच शेड आहे, डोळे झाकून घ्या." मी खरंच डोळे झाकून घेतला. घरी दोन ओळी विणल्या आणि मोतियाला लागून पिवळा पट्टा! परत गेले तर म्हणे, "धुतल्यावर एक होईल." दुसऱ्याने मोबाइलमधून मान वर न करताच "नाही" म्हटलं. वहिनी म्हणाली, "तयार घे ना, आंध्रातल्या नरसापूरचे छान येतात." येतातच. तिथल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या घरी बसून लेस विणतात, त्यांच्या हाताला मी काय नावं ठेवणार? पण रुखवतात मावशीचं काहीतरी नको का?

तुम्ही तीन गुंडे काढलेत, माझ्या रनरचं टोक धरलंत आणि म्हणालात, "इथे नको, ट्यूबलाइट फसवते." गिऱ्हाइकं तशीच सोडून पायरीवर उन्हात आलात. चष्मा कपाळावर चढवलात, एकेका गुंड्याचा दोरा माझ्या विणीतल्या खांबांवर, म्हणजे उभ्या टाक्यांवर, आडवा ठेवून पाहिलात. मग तिन्ही परत खणात टाकलेत. "यातला एकही घेऊ नका."

काका, तेवढ्यावरच माझा जीव भांड्यात पडला. लहानपणी गिरगावात आई साडीची घडी घेऊन फुटपाथवर यायची, दुकानदारही सोबत यायचा. कुणाला त्यात कमीपणा वाटत नसे. हल्ली आपण रंग विचारला तरी समोरचा किंमत सांगतो.

नंतर विचारलंत, "टेबल केवढं?" मी म्हटलं, चार फूट. "मग झालंच की! दोन्ही टोकांना सहा-सहा इंच बदामी रंगात करा. तेवढंच खाली लोंबेल." दोन ओळी उसवल्या. एका टोकाला पुढे विणत गेले, दुसरीकडे सुरुवातीच्या साखळीतून खांब उचलले. विणीतले बदामी शिंपले टेबलाच्या कडेवरून असे उतरले की विहीणबाईंनी विचारलं, "ही रंगसंगती कुणी सुचवली?" मी म्हटलं, आमच्या दादरच्या काकांनी. त्यांना वाटलं, सख्खे काका.

बदामी गुंड्याचं लेबल शिवणाच्या डब्यात जपून ठेवलंय. शनिवारी रुखवताचा फोटो दाखवायला येते. गर्दी असली तर पायरीवर थांबेन.

तुमची,
मोतिया रनरवाली