महाविद्यालयीन खेळाडूंच्या नोंदी जपाव्यात

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आमच्या तालुक्यातील मुले मोबाइलवर अमेरिकन फुटबॉलमधले झेलही पाहू लागली आहेत. लांबवर पळत जाऊन चेंडू झेलणारा ‘वाइड रिसीव्हर’ हा त्यांचा विशेष आवडता, आणि जो सर्वांत वेगवान तोच व्यावसायिक संघात जातो, अशी त्यांची समजूत आहे. पोलीस भरतीसाठी रोज पहाटे डांबरी रस्त्यावर शंभर आणि सोळाशे मीटर धावणाऱ्या मुलांना असे वाटले तर त्यात नवल नाही. मात्र तिकडची २०१७ सालची खेळाडू निवड पाहिली, तर ही समजूत टिकत नाही.

तेथे व्यावसायिक लीगचे ३२ संघ सात फेऱ्यांत प्रामुख्याने महाविद्यालयीन खेळाडूंमधून निवड करतात. त्याआधी इंडियानापोलिस येथे ४० यार्डांची, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटरची धाव घड्याळ लावून मोजली जाते. त्या वर्षी सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या जॉन रॉसने ती ४.२२ सेकंदांत पूर्ण करून तेव्हाचा विक्रम केला आणि सिनसिनाटी बेंगल्सने त्याला नवव्या क्रमांकावर घेतले. त्याच राज्यातील चेनी या लहानशा गावातील ईस्टर्न वॉशिंग्टन विद्यापीठाच्या कूपर कपला ४.६२ सेकंद लागले; तो तिसऱ्या फेरीत, ६९ व्या क्रमांकावर लॉस एंजेलिस रॅम्सकडे गेला. दुखापतींनी बेजार झालेला रॉस बेंगल्सकडे चार हंगामांपलीकडे राहिला नाही. कप मात्र २०२१ च्या हंगामात झेल, झेलांतून मिळवलेले अंतर (यार्ड) आणि टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेऊन केलेली गुणकमाई) या तिन्हींत अव्वल ठरला आणि सुपर बोल या अंतिम सामन्यातला सर्वोत्तम खेळाडूही तोच होता.

घड्याळात मागे पडलेल्या या मुलाची निवड निव्वळ अंदाजाने झालेली नाही. महाविद्यालयीन फुटबॉलच्या दुसऱ्या स्तरावर खेळणाऱ्या त्याच्या विद्यापीठाकडे चार हंगामांतील ४२८ झेल, ६,४६४ यार्ड आणि ७३ टचडाउन यांची नोंद होती, शिवाय सामन्यांचे चित्रीकरणही. चित्रीकरणाला तेथे फार मोल आहे. महाविद्यालयीन सामन्यात सीमारेषेजवळच्या झेलासाठी एक पाय आत टेकला तरी चालते, व्यावसायिक लीगमध्ये दोन्ही पाय टेकावे लागतात. तेव्हा मुलाचा दुसरा पाय नेमका कोठे पडतो, हे पारखी माणूस मागेपुढे करून पाहू शकतो. निवडीत नाव न आलेल्यांनाही एक दार उघडे असते. मिनेसोटा स्टेट, मँकाटो या छोट्या विद्यापीठाच्या अ‍ॅडम थीलेनला २०१३ मध्ये कोणीच निवडले नव्हते. मिनेसोटा व्हायकिंग्जच्या चाचणी शिबिरातून तो सराव पथकात शिरला आणि २०१७ व २०१८ या दोन्ही हंगामांत त्याने हजार यार्डांचा टप्पा ओलांडला. (तिकडेही बहुसंख्य मुलांची वाट महाविद्यालयातच संपते, हे खरे आहे.)

आपल्याकडे कबड्डीत प्रो कबड्डी लीगमुळे २०१४ पासून व्यावसायिक वाट निर्माण झाली. महाराष्ट्राचे दोन्ही संघ पुण्या-मुंबईचे असले, तरी दारव्हा किंवा मेहकरच्या चढाईपटूला तेथे जायला मज्जाव नाही. अडचण अशी की, त्याने तीन वर्षांत किती चढाया केल्या, त्यांतल्या किती यशस्वी झाल्या, डाव्या कोपऱ्यातला बचावपटू त्याला किती वेळा पकडू शकला, हे सांगणारा कागदच कोणाजवळ नसतो. वास्तविक प्रत्येक आंतरमहाविद्यालयीन सामन्यात गुणलेखक गुणपत्रिका भरतो. वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्यावर दगड ठेवलेला असतो, आणि निकाल जाहीर झाला की दगडाइतकीच तीही निरुपयोगी ठरते.

विदर्भातील विद्यापीठांनी या गुणपत्रिका एकत्र करून दर हंगामाअखेर खेळाडूनिहाय आकडे संकेतस्थळावर द्यावेत आणि उपान्त्य फेरीपासूनचे सामने निदान एका मोबाइलवर, मैदान पूर्ण दिसेल अशा उंचीवरून चित्रित करावेत. यासाठी मोठा निधी लागणार नाही. आपल्या दैनिकासही विनंती आहे की, स्पर्धेच्या बातमीत उद्घाटक आणि प्रमुख पाहुण्यांची नावे छापून जागा उरल्यास कोणत्या चढाईपटूने किती गुण घेतले, हेही द्यावे.

आपला नम्र,
एक क्रीडा शिक्षक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ