ग्रिप घरी घडवा, सिलिंडर मात्र विकतच घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

२०२४ साली पॅरिसमध्ये मनू भाकरने १० मीटर एअर पिस्तुलात आणि आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझ मिळवले. तेव्हापासून रेंजवर नव्याने येणाऱ्या पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. स्पर्धेचे परदेशी पिस्तूल लाखाच्या पुढे जाते. मग स्वस्तातले घेऊन त्याचे भाग एकेक करून बदलत गेले तर चालेल का? की काही भाग इथेच लेथवर करून घ्यावेत? आपल्या वाचकांत असे पालक असणार, म्हणून हे पत्र.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे. बाजारातल्या स्वस्त स्प्रिंगच्या पिस्तुलात पेलेट (छर्रा) नळीबाहेर पडण्याआधीच पिस्टनचा धक्का हाताला बसतो. त्यावर कितीही चांगली साइट (नेम धरायची खूण) बसवली तरी हा धक्का जात नाही. भागांवर खर्च होतो तो होतोच, वर मुलाला त्या धक्क्याशी झुंजायची सवय लागते आणि ती मोडायला पुढे महिने जातात. खरोखरच बजेट आखडते असेल तर प्रत्येक गोळीला एकदा लिव्हर ओढून हवा भरायचे पिस्तूल, उदाहरणार्थ जुने रशियन बैकाल आयझेडएच ४६, चांगल्या अवस्थेत मिळाले तर घ्यावे. ते हलत नाही आणि नळी उत्तम असते. पण ७५ मिनिटांत ६० गोळ्या आणि त्याआधीच्या सरावाच्या गोळ्या, एवढ्या वेळा लिव्हर ओढून लहान मुलाचा दंड भरून येतो, हेही लक्षात ठेवावे.

लेथचे म्हणाल तर घरी करण्यासारखा भाग एकच आहे : ग्रिप, म्हणजे हातात धरायची लाकडी मूठ. नेमका तोच भाग लोक विकतचा जसाच्या तसा वापरतात.

थोडा हिशेब मांडू. एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर १० ची कडी ११.५ मिलिमीटर व्यासाची असते आणि पुढची प्रत्येक कडी ८ मिलिमीटर बाहेर. फ्रंट आणि रिअर साइटमध्ये साधारण ३२० मिलिमीटर अंतर धरले, तर फ्रंट साइट रिअर साइटच्या खाचेत फक्त पाव मिलिमीटर सरकली की १० मीटरवर एक पूर्ण कडी जाते. एवढी बारीक गोष्ट मनगट रोज त्याच कोनात बसले तरच टिकते, आणि मनगट बसवते ती ग्रिप. कंपनीची ग्रिप लहान, मध्यम, मोठी अशा मापांत येते. तुमच्या मुलाचा हात त्यातल्या कुठल्याच मापात तंतोतंत बसणारा नसतो.

म्हणून नवख्याची पहिली खरेदी पिस्तूल नसावीच. अकादमीत जे मॉडेल आहे त्याची एक सुटी ग्रिप, गरजेपेक्षा एक माप मोठी, घ्यावी. बहुतेक मॉडेल्सवर ती एका बोल्टने बसते, म्हणजे अॅलन की लावून दोन मिनिटांत बदलता येते. मूल सरावाला येईल तेव्हा आपली ग्रिप चढवेल, जाताना काढून नेईल. सहा महिन्यांनी खेळ सोडला तर नुकसान एका ग्रिपपुरते.

घडवताना ग्रिप आधी पिस्तुलावरून उतरवावी. हे सांगायला लागू नये, पण लाकडाचा भुसा ट्रिगरमध्ये जाऊन अडकलेली पिस्तुले दुरुस्तीला येतच असतात. तळहाताला खडूची पूड लावून ग्रिप धरावी. जिथे पूड जास्त दाबली गेली तिथे लाकूड उतरवायचे, जिथे लागलीच नाही तिथे भर घालायची. उतरवायला अर्धगोल कानस, मग ८० आणि १५० नंबरचा पॉलिश पेपर. भरीला एम-सीलसारखी दोन भाग मळायची पुट्टी चालते; एका वेळी २-३ मिलिमीटरहून जाड थर देऊ नये. पुट्टी ओली असताना ग्रिप पुन्हा पिस्तुलावर चढवावी, नळी आणि बॉडी पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळावी, हाताला तेलाचे बोट फिरवावे आणि उभे राहून, हात खांद्याइतका उचलून, नेमाच्या पवित्र्यात पाच मिनिटे धरावे. बसून टेबलावर धरलेल्या हाताचा ठसा घेतला तर मनगटाचा कोन वेगळा येतो, आणि सगळी मेहनत पुन्हा घासून काढावी लागते. घट्ट आवळूनही धरू नये. बोटांच्या खोल खाचा दिसायला छान दिसतात, पण उन्हात हात किंचित फुगला की त्याच खाचा बोटे चुकीच्या जागी ढकलतात.

ट्रिगरचे बोट लाकडाला कुठेही टेकता कामा नये. तिथे २-३ मिलिमीटर मोकळी जागा हवीच. बोट टेकले की ट्रिगर दाबताना ग्रिपही दाबली जाते आणि गोळ्या एका बाजूला जातात. पालक मग साइटचे स्क्रू फिरवत बसतात. काम झाले का हे पाहायची सोपी परीक्षा आहे : डोळे मिटून हात उचलावा, स्थिर करावा, डोळे उघडावेत. फ्रंट साइट खाचेच्या मधोमध दिसली तर ग्रिप बसली. दर वेळी त्याच बाजूला सरकलेली दिसली तर आधी पिस्तुलावर सोय असल्यास ग्रिपचा कोन बदलून पाहावा, लाकडाला हात नंतर लावावा. आणि वॉर्निश नको. घामाने ते निसरडे होते. खरबरीत लाकूडच बरे.

मुलाचे वय १३-१४ असेल तर लाकूड कमी कोरून पुट्टीवर भर द्यावा, कारण वर्षभरात हात वाढतो. थ्रीडी प्रिंटची ग्रिपही चालते, पण पीएलए या नेहमीच्या प्रिंटिंग प्लास्टिकची असेल तर नागपूरच्या मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नये. साठेक अंशाला ते प्लास्टिक मऊ पडते.

स्पर्धेच्या नियमात अडकायच्या जागाही याच. पिस्तूल ४२० गुणिले २०० गुणिले ५० मिलिमीटरच्या खोक्यात मावले पाहिजे, आणि पुट्टी थापून थापून तळहाताकडची बाजू त्या ५० मध्ये मावेनाशी होते. प्लायचा एक खोका घरी करून ठेवावा. पाम शेल्फ (तळहाताच्या खालच्या कडेला टेकू देणारा ग्रिपचा भाग) वर वळलेले नसावे आणि ग्रिपशी त्याचा कोन ९० अंशांहून कमी नसावा. वजन १५०० ग्रॅमच्या आत. ट्रिगरला टांगलेले ५०० ग्रॅमचे वजन तो न सुटता उचलले गेले पाहिजे. तो ५१०-५२० वर ठेवावा, कारण काठावर ठेवलेला ट्रिगर स्पर्धेच्या सकाळी दगा देतो.

सिलिंडरबाबत मात्र तडजोड नाही. पिस्तुलाच्या नळीखाली बसणाऱ्या या टाकीत २०० बार दाबाची हवा असते. लेथवर वळवलेले सिलिंडर, 'जुगाड' व्हॉल्व्ह, काहीही नको. सीलला इंजिन ऑइल लावू नये, कारण दाबाखालच्या हवेत तेल पेट घेऊ शकते. कंपनीने सांगितलेले सिलिकॉन ग्रीसच वापरावे. हवा सावकाश भरावी, कारण भरताना ती तापते आणि दाबाचा काटा खोटे वाचन दाखवतो. जुने पिस्तूल घेताना सगळ्यांत आधी सिलिंडरवरची तारीख वाचावी. उत्पादनाला दहा वर्षे होऊन गेली असतील तर तपासणीत ते बाद होईल, म्हणजे नव्या सिलिंडरची किंमत सौद्यातून वजा करायची. तारीख ठीक असेल तर २०० पर्यंत भरून रात्रभर ठेवावे आणि सकाळी काटा पाहावा; तो बराच खाली आला असेल तर गळती आहे.

राज्य आणि जिल्हा संघटनांना एक विनंती. उपकरण तपासणीचा खोका आणि ट्रिगरचे वजन स्पर्धेच्या आदल्या दिवशी दोन तास सगळ्यांसाठी खुले ठेवावे. ग्रिप दोन मिलिमीटर जाड निघाली तर ती संध्याकाळी कानशीने उतरवता येते. रिपोर्टिंगच्या रांगेत, हातात किट घेऊन उभ्या असलेल्या पोराला ते जमत नाही.

आपले,
पिस्तूल प्रकारातील काही प्रशिक्षक, पुणे