फाटके कपडे घालून काम होत नाही

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

वेष पालटून बेघरांमध्ये राहणाऱ्या आणि गुन्हेगारांचा माग काढणाऱ्या वयस्कर बाईवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. त्यात सगळं कौतुक वेषाचं आहे. वेष हा या कामातला सर्वांत सोपा भाग.

बिंग फुटतं ते हातापायांवरून. टाचा मऊ, नखं स्वच्छ, अंगाला साबणाचा वास, अंगठी काढली तरी बोटावर राहिलेला फिकट वळ. रस्त्यावरची बाई पिशवीचा पट्टा मनगटाला गुंडाळून झोपते आणि चपला डोक्याखाली घेते. पिशवी बाजूला ठेवून डुलकी काढणारी लगेच ओळखू येते. रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट जवळ बाळगलं तर चोरीला जातं, म्हणून रोजचा डोस सहकाऱ्याने आणून द्यावा. रात्री भीतीपोटी जागायचं आणि दिवसा बसल्या बसल्या झोपायचं, असं तिथल्या बायकांचं चक्र असतं. साठीच्या शरीराला ते झेपत नाही आणि झोप नसली की आठवणीत घोळ होतात. सलग दोन रात्रींहून जास्त ठेवूच नये.

नवख्या बाईने चौकशा करू नयेत. पाणी कुठे मिळतं, रात्री कोण हुसकावतं, कुणापासून जपायचं, एवढंच विचारावं. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात बहुधा हवं ते नाव येतं. बेघरांना लुबाडणारे ओळखपत्रं काढून घेतात, त्यांवर सिमकार्डं घेतात, बँक खाती उघडून त्यांतून फसवणुकीचा पैसा फिरवतात. कामाचं आमिष दाखवून नेतात आणि मजुरी बुडवतात. असा माणूस आपणहून आला पाहिजे. बाईनेच ‘माझं खातं घेता का?’ म्हटलं, की बचावाचा वकील ‘हिनेच उकसवलं’ म्हणणार.

आणि एकटीने तर मुळीच जाऊ नये. इंग्लंडमध्ये मेरी हिग्ज १९०३ पासून, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, भटक्या बायकांच्या निवाऱ्यांत वेष पालटून राहिल्या, त्याही सोबतीण घेऊन. न्यूयॉर्कच्या इझाबेला गुडविन १९१२ मध्ये मोलकरीण बनून एका खाणावळवजा घरात राहिल्या आणि बँकेचे पंचवीस हजार डॉलर लुटणाऱ्यांपर्यंत पोचल्या. तेव्हा त्या ४७ वर्षांच्या होत्या. फरशी पुसणाऱ्या बाईकडे कुणी पाहत नाही, हे खरंच. पण सोळा वर्षांची पोलीस खात्यातली नोकरी आणि सगळं खातं त्यांच्या पाठीशी होतं. अशा कामाला जाणाऱ्या बाईलाही एवढं हवंच: नजरेच्या टप्प्यात दोन माणसं, सुटकेसाठी ठरलेलं एक साधं वाक्य, निरोपाची ठरलेली वेळ. ती चुकली की वाट न पाहता आत शिरायचं.

नोंदी त्याच दिवशी, स्वतःच्या हाताने, वेळ आणि ऐकलेले शब्द जसेच्या तसे. ध्वनिमुद्रणाची मूळ प्रत कापायची नाही, पुढचं काम दुसऱ्या प्रतीवर. निवारा भरलेला असेल तर तिथली खाट अडवायची नाही, कारण त्या रात्री कुणीतरी खरी बेघर बाई बाहेर राहते.

लेखात एक महत्त्वाची गोष्ट राहून गेली. अशा बाईचं खरं मोल न्यायालयात कळतं. बेघर साक्षीदाराला पत्ता नसतो, समन्स पोचत नाही, तारखेला कुणी येत नाही आणि खटला ढासळतो. ही बाई तारखेला हजर असते. तरी ज्यांना लुबाडलं त्यांचं म्हणणं तिच्या तोंडून येऊन भागणार नाही. त्यांचे जबाब पहिल्याच आठवड्यात न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवावेत, आणि निरोप पोचवण्यासाठी ते रोज जेवायला जातात त्या अन्नछत्राचा पत्ता लिहून घ्यावा.

आपली,
एक नियमित वाचक